प्राचार्यांचा कोट

मुलीचा निकाल लागून आठवडा होत आला होता आणि दुकानात येणारं प्रत्येक माणूस कपड्यांबरोबर एक पर्याय घेऊन येत होतं. पडदे धुवायला टाकणाऱ्या बाईंनी नर्सिंग सुचवलं. कडक इस्त्रीचे शर्ट नेणाऱ्या बँकवाल्याने सांगितलं की वाणिज्य शाखेत कुणीही खपून जातं. एका आजोबांनी तर हातातला स्वेटर काउंटरवर ठेवायच्या आधीच विचारलं की मुलगी हवाई सुंदरी व्हायला तयार आहे का, उंची बरी आहे तिची. लॉन्ड्रीवालीने त्यांच्या हातात पावती दिली आणि शनिवारी या म्हणाली. आतून तिचं रक्त उकळत होतं, पण गिऱ्हाइकासमोर तोंड आवरावंच लागतं.

बरं, यातल्या एकानेही त्या मुलीशी, भिंगरीशी, बोलायची तसदी घेतली नव्हती. ती तिथेच, काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसून कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या लावत असायची. तिच्या डोक्यावरून पर्याय इकडून तिकडे जात राहायचे आणि ती पिना टोचत राहायची. भिंगरी हे नाव तिला लहानपणी पडलं, कारण तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे. टांगलेल्या कोटांच्या रांगांमधून ती अशी सुसाट पळायची की निम्मे हँगर खाली यायचे आणि आईच्या हातचा धपाटा ठरलेला असायचा. आता तीच मुलगी आठवडाभर स्टुलावरून हलत नव्हती. जेवायला बोलावलं की यायची, अर्धवट जेवून उठायची. काही विचारलं तर हो किंवा नाही. तिसरा शब्द ऐकायला मिळेल तर शपथ.

गेल्या वर्षी ती शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास झाली होती. या वर्षी पुन्हा बसली आणि पुन्हा नापास झाली. बाकीचे विषय जेमतेम काठाला लागले होते.

निकालाच्या दिवशी ती फोन हातात घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आली, आईला आकडे दाखवले आणि काहीतरी बोलायला लागली. नेमकं तेव्हाच एका बाईंनी काउंटरवर थयथयाट मांडला होता, कोटाचं बटण तुमच्याकडेच हरवलं म्हणून. लॉन्ड्रीवाली मुलीला थांब गं जरा म्हणाली आणि बटण शोधायला लागली. बटण बाईंच्याच पर्समध्ये सापडलं. त्या निघून गेल्यावर मात्र लॉन्ड्रीवालीने मुलीला असं फैलावर घेतलं की मागची यंत्रं चालू असूनही शेजारच्या दुकानात ऐकू गेलं. रात्रंदिवस तो फोन, त्या मैत्रिणी, ते उशिरा उठणं, घरात कशाची म्हणून फिकीर नाही. सगळं बोलून झालं. मुलगी काय सांगत होती ते राहूनच गेलं आणि नंतर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लॉन्ड्री तिची आणि नवऱ्याची. पुढे काउंटर, मागे धुलाईची यंत्रं, त्यांना लागून वाफेच्या इस्त्रीचं टेबल आणि नवऱ्याचं शिलाई मशीन. उसवलेली अस्तरं, सुटलेल्या दुमडी, बटणं हे सगळं तो बघायचा. खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला पडतो, तिथे डाग काढायचं टेबल होतं आणि ते फक्त तिचं होतं. बाटल्या, बोळे, मऊ ब्रश, कडक ब्रश, सगळं जिथल्या तिथे. डाग कसला आहे हे ती नुसतं बघून सांगायची, आणि निघेल की नाही हेसुद्धा.

त्या टेबलाचा एक नियम होता. डागाला दोनदा हात लावायचा. दोनदा लावून गेला तर गेला. तिसऱ्यांदा लावायचा नाही, कारण तिसऱ्यांदा जो जातो तो डाग नसतो, कापड असतं. म्हणून तिने चिठ्ठ्याच छापून घेतल्या होत्या: प्रयत्न केला, डाग निघत नाही. दोनदा करून झालं की ती शांतपणे चिठ्ठी टोचायची आणि कपडा परत द्यायची. लोक भांडायचे, गयावया करायचे, अजून थोडं घासून बघा म्हणायचे. ती ढिम्म हलायची नाही. एका नवरीमुलीचा झगा तिने असाच परत दिला होता आणि मुलीच्या आईने दुकान डोक्यावर घेतलं होतं, तरी हिचं उत्तर तेच. लोक चिडून जायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिच्याकडेच यायचे, कारण बाकी लॉन्ड्रीवाले गोड बोलून कपड्याची वाट लावायचे.

डागांच्या बाबतीत इतकी शहाणी बाई मुलीच्या बाबतीत मात्र आठवडाभर जीव तोडून सगळीकडे धावत होती. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेता येते का, ते तिने बघितलं. शाळेत जाऊन आली, तिथल्या बाईंनी चहाही न विचारता वाटेला लावलं. दोन कॉलेजांत फोन केले. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने उचलून होल्डवर ठेवला आणि तिला बासरी ऐकवली. घरी येऊन नवऱ्यासमोर एकेक पर्याय मांडावा, तर त्याचं उत्तर ठरलेलं.

"बघू."

लग्न झाल्यापासून ती हा शब्द ऐकत होती. छत गळतंय, बघू. यंत्राचा पट्टा तुटायला आलाय, बघू. मुलीच्या आयुष्याचं मातेरं व्हायची वेळ आली, तरी हा माणूस पँटची घडी जुळवतोय आणि बघू म्हणतोय. एक दिवस ती त्याला म्हणालीही, अहो, तुम्ही नक्की काय बघणार आहात ते मला एकदा सांगा, म्हणजे मीपण तुमच्या शेजारी येऊन बघत बसते. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, थोडा विचार केला आणि पुढची पँट घेतली.

याउलट तिचा थोरला भाऊ. भिंगरीचा हा मामा दुसऱ्या गावात शिकवण्या घ्यायचा आणि त्याच्याकडे बघू हा प्रकारच नव्हता. रोज सकाळी दुकान उघडायच्या सुमाराला त्याचा फोन. पोरीला माझ्याकडे पाठवून दे, वर्षभर वसतिगृहात ठेवतो, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत गणित एके गणित, चांगली घासून घेतो तिला, बघतो कशी पास होत नाही ते. पुन्हा बसायचा अर्ज शुक्रवारपर्यंत भरायचा होता. तो भर, भर, म्हणून त्याने बहिणीचं डोकं खाल्लं होतं. तिलाही मनातून तेच पटत होतं. पण एकदा फोन चालू असताना तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं, तर भिंगरीने हातातली पिन स्वतःच्या बोटात टोचून घेतली होती आणि रक्ताकडे नुसती बघत बसली होती. आईने ओरडून बोळा आणायला सांगितला. त्या दिवशी तिने भावाला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

सोमवारी प्राचार्य आले.

ते सरकारी आयटीआयचे प्राचार्य आहेत हे तिला पावती करताना समजलं. शाळेची शेवटची परीक्षा धड न जमलेली मुलंही तिथे घेतात असं तिने ऐकलं होतं, फक्त कुणाच्या तरी शब्दाने आत शिरावं लागतं असंही ऐकलं होतं. कुणाकडून ते विचारू नका, ऐकलं होतं. आणि आता ज्याच्या शब्दाला वजन तो माणूस स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आला होता, हातावर मोतिया रंगाचा कोट घेऊन. वरच्या खिशाच्या खाली शाईचा डाग. पेन गळलं होतं. घरी त्यांनी आपल्या अकलेने गरम पाणी लावलं, वर साबण चोळला आणि ते वाळावं म्हणून त्यावरून इस्त्री फिरवली. गुरुवारी संध्याकाळी नवीन मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम होता आणि तेव्हा हाच कोट घालायचा होता.

तिने कोट उजेडात धरला. डाग निघणार नव्हता. हे तिला कोट हातात घ्यायच्या आधीच दिसलं होतं. इतर कुणी असतं तर तिने तिथल्या तिथे परत केला असता.

"होऊन जाईल," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी या."

स्टुलावर भिंगरीने मान वर केली. आठवड्यात पहिल्यांदा.

प्राचार्य गेल्यावर तिने नवऱ्याला बेत सांगितला. कोट झकास करून द्यायचा, माणूस खूश झाला की मुलीचा विषय काढायचा, एक जागा द्या म्हणायचं. कोट हातात असताना माणूस नाही म्हणत नाही. नवऱ्याने विचारलं, नुसतंच विचारलं तर? तिने कपाळावर हात मारला. नुसतं विचारून या जगात कुणाला काही मिळालंय का, आणि अशाच भोळेपणामुळे आपण आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतोय, असं बरंच काही ती बोलली. तो म्हणाला, बघू.

सोमवारी संध्याकाळी तिने डागाला पहिल्यांदा हात लावला. डाग निळ्याचा करडा झाला आणि तिथेच बसला. मंगळवारी दुसऱ्यांदा लावला. यावेळी तिने सगळं कसब पणाला लावलं, खाली पांढरं फडकं ठेवून वरून थेंब थेंब सोडत राहिली, टिपत राहिली. खांदे दुखून आले. डाग फिका झाला, पण कडा तशाच राहिल्या. लांबून दिसला नसता. प्राचार्य लांबून थोडेच घालणार होते.

बुधवारी दुपारी गिऱ्हाइकं नव्हती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर होता. तिने तो बाजूला सारला आणि कडक ब्रश घेतला.

"आई, दोनदा झालंय," भिंगरी म्हणाली.

आठवडाभर मुकी असलेली मुलगी बोलली, तर आईला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला शिकवू नकोस. तुझ्यासाठीच मरमर चाललीये ही सगळी."

मुलीने पुन्हा चिठ्ठ्या हातात घेतल्या. आई घासत राहिली. आधी हलक्या हाताने, मग जोर लावून. घासता घासता तिच्या डोक्यात सगळं एकदमच चालू होतं. बासरी ऐकवणारं कॉलेज, हवाई सुंदरीवाले आजोबा, शुक्रवार, भावाचा आवाज, नवऱ्याचं बघू. हिला काय कळतंय, हिचं पुढे काय होणार, मी असेपर्यंत ठीक आहे, नंतर कोण विचारणार हिला. डागाची एक कड गेली. तिला हुरूप आला. दुसरी कडही जात होती. आणि मग ब्रशाखाली काहीतरी मऊ झालं, सैल झालं, आणि तिला नखाएवढ्या भोकातून खालचं पांढरं फडकं दिसलं.

ज्या हाताने हजारो कपडे वाचवले त्याच हाताने हे केलं होतं, आणि तेही धडधडीत ठाऊक असताना. नवशिक्या पोराने केलं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिने ब्रश ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती ढसाढसा रडायला लागली. नवऱ्याने वाफ बंद केली. येऊन कोट उचलला, भोकातून बोट घालून पाहिलं, पुन्हा खाली ठेवला. त्या दिवशी तो बघूसुद्धा म्हणाला नाही आणि त्यानेच तिला जास्त रडू आलं. काउंटरवर फोन वाजत होता. भावाचा होता. कुणीही उचलला नाही.

गुरुवारी सकाळपासून तिने एक वाक्य घोटून ठेवलं होतं. कापड मुळातच विरलेलं होतं, साहेब, पाणी लागताच गेलं. खोटं होतं, पण पचण्यासारखं होतं. असली वाक्यं बाकी लॉन्ड्रीवाले रोज वापरतात आणि सुखाने जगतात. तिने ते पडदे उतरवताना म्हणून पाहिलं, गल्ला उघडताना म्हणून पाहिलं. बरं वाटत होतं.

दुपारी प्राचार्य आले. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर स्टुलाकडे गेली. भिंगरी चिठ्ठ्या खाली ठेवून तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही, कसली वाट बघावी तशी. लॉन्ड्रीवालीने घोटलेलं वाक्य टाकून दिलं.

"डाग निघणार नव्हता," ती म्हणाली. "मला सोमवारीच माहीत होतं. तरी मी घासला. कोटाला भोक पडलंय."

प्राचार्यांनी कोट उलटापालटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोसलं असतं, त्याची तिला सवय होती. त्यांनी एवढंच विचारलं की निघत नसेल तर तुम्ही तोंडावर सांगता, हे ऐकूनच मी मुद्दाम लांबून तुमच्याकडे आलो, मग मलाच का नाही सांगितलंत. तिच्याकडे उत्तर एकच होतं आणि ते द्यायची लाज वाटत होती. पण आता लाज धरून काय राहिलं होतं. तिने सांगून टाकलं. मुलगी दोनदा नापास झालीये, तुमच्याकडे एखादी जागा मिळावी, म्हणून तुम्हाला खूश करायला गेले.

प्राचार्यांनी कोट काउंटरवर ठेवला.

"जागा?" ते म्हणाले. "अहो बाई, निम्मे वर्ग रिकामे असतात आमचे. अर्ज भरा, कुणालाही मिळते. नुसतं विचारायचं होतंत."

मागून इस्त्रीच्या टेबलापाशी नवरा खोकला. तो खोकला साधा नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण आत्ता त्याच्याकडे बघायची सोय नव्हती. धरणी दुभंगली तर बरं, असं तिला झालं होतं. तीन दिवसांची मेहनत, कोटाचं भोक, इतक्या वर्षांचं नाव, सगळं एका उघड्या दारावर धडका मारण्यात गेलं होतं.

"तिथे गणित असतं का?"

हे भिंगरीने विचारलं. स्टुलावरून उठून ती काउंटरपाशी आली होती.

"म्हणजे काय," प्राचार्य म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. रोज."

मागचं एक यंत्र थांबलं. लॉन्ड्रीवालीने हे विचारलंच नव्हतं. ज्या विषयाने मुलीचा दोनदा घास घेतला होता, त्याच विषयात तिला नेऊन टाकण्यासाठी तिने हा आटापिटा केला होता. ना प्राचार्यांना विचारलं, ना पोरीला.

तेवढ्यात नवरा पुढे आला. त्याने कोट घेतला, आतून शिवण उलटी करून पाहिली, खिशावर बोट टेकवलं आणि सावकाश म्हणाला की दुमडीत कापड शिल्लक आहे, त्यातून हा खिसा दोन बोटं खाली वाढवला तर भोकही झाकलं जाईल आणि डागाचं जे काय उरलंय तेही. बसा थोडा वेळ. प्राचार्य भिंतीजवळच्या बाकावर बसले. नवरा मशीनवर गेला. लॉन्ड्रीवाली त्याच्या मागोमाग गेली, आणि आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत, जो कधीच जमला नव्हता, त्याच्यावर सुटली.

"म्हणजे सोमवारीच खिसा वाढवला असता तर डाग काढायचीही गरज नव्हती? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला.

तिच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग वळून काउंटरपाशी आली. भिंगरी पुन्हा स्टुलावर बसून पिना डबीत भरत होती. आईने दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. या दुकानात ती दिवसा कधीच बसत नसे.

"त्या दिवशी तू काय सांगत होतीस?"

"कुठल्या दिवशी?"

"निकालाच्या. ती बटणवाली बाई आली आणि मी थांब म्हटलं. काहीतरी म्हणत होतीस तू."

मुलगी पिना भरत राहिली. प्राचार्य समोरच्या भिंतीवरचं दरपत्रक फार मन लावून वाचत होते.

"एवढंच म्हणत होते," भिंगरी म्हणाली, "की आई, मी खरंच अभ्यास केला होता."

सगळं वर्ष लॉन्ड्रीवालीच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि ते तिने पाहिलेलंच होतं, हेच वाईट होतं. पहाटे दुकानासाठी उठायचं तेव्हा मुलीच्या खोलीतला दिवा लागलेला असायचा आणि ही मनाशी म्हणायची, बसली असेल फोन घेऊन. कोऱ्या पावत्यांच्या मागे पेन्सिलीने केलेली गणितं सापडायची आणि ही पावत्या नासवल्या म्हणून ओरडायची. परीक्षेच्या आधी पोरीला उलट्या झाल्या होत्या आणि हिने बाहेरचं खाल्ल्याबद्दल तिची खरडपट्टी काढली होती. आठवड्याभरात गावातल्या दहा माणसांनी तिच्या मुलीचं काय करायचं ते सांगितलं होतं, आणि मुलीने सांगितलेली एकच गोष्ट तिने एका बटणासाठी थांबवली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की कान गरम झाले.

"केलास," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली. "केलास. मी बघत होते की."

तिने हात पुढे केला आणि मुलीच्या पिन टोचलेल्या बोटावरून अंगठा फिरवला. भिंगरीने बोट काढून घेतलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसतही नव्हती, नुसती बसून होती. आईनेही तिला रडू नकोस म्हटलं नाही. कोटांच्या रांगेखाली त्या दोघी तशाच बसल्या आणि मागे मशीन थांबत थांबत चालत राहिलं.

खिसा झाला. थोडा मोठा दिसत होता, पण कोट सरकारी माणसाचा असल्यामुळे शोभून गेला. प्राचार्यांनी तो तिथेच अंगात घातला, आरशात पाहिलं, खिशात हात घालून त्याची खोली जोखली आणि बरा झालाय म्हणाले. तिने पैसे घेतले नाहीत. दाराशी जाऊन ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, एक सांगू का?

लॉन्ड्रीवालीने दात आवळले. आला, आणखी एक पर्याय आला.

"बाहीचं बटण सैल झालंय," ते म्हणाले. "तेवढं घट्ट करून मिळेल का?"

भिंगरी हसली. डोळे अजून ओले होते तरी अगदी फुटून हसली, आणि उठून स्वतःच सुईदोरा आणायला मागे गेली. जाता जाता तिचा खांदा लागून दोन हँगर खाली पडले. आईने ते उचलले आणि काही बोलली नाही.

प्राचार्य गेले आणि फोन वाजला. आता मात्र तिने उचलला. भाऊ भयंकर तापला होता. काल फोन का उचलला नाहीस, उद्या शुक्रवार आहे, अर्ज भरलास का, मी इथे वसतिगृहवाल्याला शब्द देऊन बसलोय.

"दादा, ती दोनदा बसली," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "तिसऱ्यांदा बसणार नाही."

त्यानंतर पलीकडून जे काही आलं ते तिने फोन कानापासून थोडा लांब धरून ऐकलं. वय निघून चाललंय, पोरीला डोक्यावर चढवून ठेवलंय, शेजारच्यांची मुलं कुठल्या कुठे गेली, आणि तुला मुळात काही कळतच नाही. तिला ते सगळं ओळखीचं वाटलं. यातलं निम्मं तर ती स्वतःच आठवडाभर बोलत होती. शेवटी त्याने दम घेतला आणि विचारलं, बसणार नाही तर मग करणार काय ती?

लॉन्ड्रीवालीने मुलीकडे पाहिलं. भिंगरीने खांदे उडवले. तिला खरोखरच अजून ठाऊक नव्हतं आणि ते लपवायची आता तिला गरज वाटत नव्हती.

"बघू," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

मागे शिलाई मशीन थांबलं. नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे संशयाने पाहिलं, ही आपली चेष्टा तर करत नाही ना, म्हणून.